वाचक विचारतात : शिक्षणावरचा सरकारी खर्च पुरेसा की तोकडा?

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरत होते : इतर देशांच्या मानाने एखादं सरकार शिक्षणावर पुरेसा पैसा घालतं की नाही, हे ओळखायचं कसं? एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : शिक्षणावर जीडीपीच्या 6 टक्के खर्च व्हायला हवा, असं कित्येक वर्षं वाचत आलो आहे. हा आकडा कुठून आला? जो देश तेवढा खर्च करतो तो पुरेसा खर्च करतो, असं धरून चालायचं का?

उत्तर : या आकड्याचे दोन उगम आहेत आणि त्यांच्यात पन्नास वर्षांचं अंतर आहे. भारतात तो कोठारी आयोगाच्या (1964–66) अहवालातून आला. मुलं किती वाढतील, शिक्षक किती लागतील, त्यांना पगार काय द्यावा लागेल, याचा पुढच्या वीस वर्षांचा हिशेब आयोगाने मांडला. दरडोई शिक्षणखर्च 12 रुपयांवरून 54 रुपयांपर्यंत न्यावा लागेल आणि राष्ट्रीय उत्पन्नातला शिक्षणाचा वाटा 2.9 टक्क्यांवरून 1985–86 पर्यंत 6 टक्क्यांवर जाईल, असं त्याचं उत्तर निघालं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही हेच 6 टक्के पुन्हा आले आहेत.

दुसरा उगम आंतरराष्ट्रीय आहे. मे 2015 मध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉन इथे देशांनी जाहीरनामा केला आणि त्याच वर्षी त्याचा कृती आराखडा मंजूर झाला. त्यात दोन कसोट्या आहेत : जीडीपीच्या 4 ते 6 टक्के, आणि एकूण सरकारी खर्चाच्या 15 ते 20 टक्के. सर्वांत गरीब देशांना वरची मर्यादा गाठावी लागेल, कदाचित ओलांडावीही लागेल, हेही तिथेच लिहिलं आहे. उद्धृत करताना नेमकं ते वाक्य गळतं.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. 6 हा आकडा एका विशिष्ट हिशेबाच्या तळाशी आलेला होता. हिशेब विस्मरणात गेला आणि बेरीज तेवढी घोषणेत उरली. ज्या देशात मुलं कमी आहेत तिथे 4 टक्क्यांत उत्तम भागतं. जिथे निम्मी लोकसंख्या पंधरा वर्षांखालची आहे तिथे 6 टक्केही अपुरे पडतात. नायजरमध्ये पंधरा वर्षांखालची मुलं जवळजवळ निम्मी आहेत, जपानमध्ये सुमारे नऊतलं एक. या दोघांना एकाच टक्क्याने मोजणं निरर्थक आहे.

प्रश्न : मग किती खर्च ‘पुरेसा’ हे ठरवायचं तरी कसं? साध्या माणसाला करता येईल असा काही हिशेब आहे का?

उत्तर : आहे, आणि तो वरून खाली न येता खालून वर जातो : एका मुलाला शिकवायला काय लागतं इथून सुरुवात. लागणारी माहिती चार ओळींची आहे. शिक्षकाचा सरासरी वार्षिक पगार, एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, चालू खर्चात पगाराव्यतिरिक्तचा वाटा किती, आणि त्या वयाची मुलं लोकसंख्येत किती टक्के.

पगार रुपयांत किंवा डॉलरमध्ये न घेता दरडोई जीडीपीच्या पटीत घ्यायचा. मग कुठल्याही देशाचं चलन आडवं येत नाही. गरीब देशांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी 2002 मध्ये ‘फास्ट ट्रॅक इनिशिएटिव्ह’ नावाचा जागतिक कार्यक्रम सुरू झाला (2011 पासून त्याचं नाव ‘ग्लोबल पार्टनरशिप फॉर एज्युकेशन’). त्याची मार्गदर्शक प्रमाणं नमुना म्हणून घेऊ : शिक्षकाचा पगार दरडोई जीडीपीच्या 3.5 पट, शिक्षकामागे 40 मुलं, आणि चालू खर्चाचा 33 टक्के हिस्सा पगाराबाहेर, म्हणजे पुस्तकं, प्रशिक्षण, तपासणी, देखभाल यांसाठी.

3.5 ला 40 ने भागा : 0.0875. म्हणजे एका मुलामागे शिक्षकाच्या पगाराचा खर्च दरडोई जीडीपीच्या पावणेनऊ टक्के. हा एकूण चालू खर्चाचा 67 टक्के भाग धरला, तर एकूण खर्च 0.0875 भागिले 0.67, म्हणजे साधारण 13 टक्के. आता प्राथमिक वयाची मुलं लोकसंख्येच्या 16 टक्के असतील, तर 13 टक्क्यांचे 16 टक्के, म्हणजे जीडीपीचे 2.1 टक्के फक्त प्राथमिक शाळांसाठी हवेत. मुलं 8 टक्के असतील तर सुमारे 1 टक्क्यात काम होतं. इमारतींचा खर्च यात नाही, तो वेगळा.

माध्यमिकला हाच हिशेब लावताना एक दुरुस्ती करावी लागते. तिथे विषयवार शिक्षक असतात. वर्गाला आठवड्याला 36 तासिका आणि एका शिक्षकाच्या वाट्याला 24 तासिका असतील, तर एका वर्गामागे दीड शिक्षक लागतो. त्यामुळे पगार गुणिले (वर्गाच्या तासिका भागिले शिक्षकाच्या तासिका) भागिले वर्गातली मुलं, असं सूत्र वापरायचं. माध्यमिक शिक्षण महाग का पडतं याचं निम्मं उत्तर या कंसात आहे. प्रयोगशाळा नंतर येतात.

हे सूत्र हाताशी असलं की घोषणाही तपासता येतात. वर्गातली मुलं 30 वरून 25 वर आणायची म्हटलं तर ऐकायला पाचच मुलांचा फरक, पण 30 भागिले 25 म्हणजे 1.2. पगाराचा खर्च सरळ 20 टक्क्यांनी वाढतो, शिवाय वाढीव खोल्या लागतात त्या निराळ्याच. तेवढी तरतूद अर्थसंकल्पात दिसत नसेल, तर वर्ग लहान होणार नाहीत. किंवा झालेच तर कंत्राटी, कमी पगाराचे शिक्षक नेमून होतील. आणि हीच प्रमाणं अपुरी वाटत असतील, 40 मुलांचा वर्ग कुणाला मान्य नसेल, तर स्वतःचे आकडे घालून पुन्हा गणित करावं. ‘पुरेसा’ या शब्दामागे कुठला वर्ग आणि कुठला पगार गृहीत धरला आहे हे बोलून दाखवल्याशिवाय वाद पुढे सरकत नाही.

प्रश्न : एकाच देशाबद्दल एका ठिकाणी 3 टक्के वाचलं, दुसरीकडे साडेचार. यातलं खरं कुठलं?

उत्तर : बहुधा दोन्ही. भारताचंच पाहा. 2020 च्या शैक्षणिक धोरणात केंद्र आणि राज्यांचा मिळून शिक्षणखर्च 2017–18 साठी जीडीपीच्या 4.43 टक्के दिला आहे. त्याच सुमाराच्या आर्थिक पाहणी अहवालांत तो 3 टक्क्यांच्या आसपास आहे. पहिल्या आकड्यात शिक्षणखात्याबाहेरच्या खात्यांनी शिक्षण आणि प्रशिक्षणावर केलेला खर्च धरलेला आहे. दुसरा अर्थसंकल्पात ‘शिक्षण’ या शीर्षाखाली जे येतं तेवढ्यावर थांबतो. देशोदेशीची तुलना करताना एकाचा पहिला आकडा आणि दुसऱ्याचा दुसरा घेतला, की निष्कर्ष फसलाच.

असे फरक कुठे कुठे पडतात ते माहीत असावं. पूर्वप्राथमिक धरलं आहे का? शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (इस्सेड 2011) 0 ते 8 असे स्तर आहेत. काही तक्ते 1 पासून सुरू होतात, काही 0 पासून. विद्यापीठातलं संशोधन धरलं आहे का? श्रीमंत देशांत उच्च शिक्षणाच्या खर्चातला मोठा हिस्सा संशोधनाचा असतो आणि तो वर्गात पोहोचतोच असं नाही. शिष्यवृत्त्या, शैक्षणिक कर्जं, मधल्या वेळचं जेवण, वसतिगृहं? फिनलंडमध्ये 1948 पासून शाळेत मोफत जेवण आहे. ते शिक्षणखर्चात धरायचं की कल्याणखर्चात, यावर आकडा हलतो.

निवृत्तिवेतन हा सर्वांत फसवा भाग. फ्रान्समध्ये केंद्र सरकारने आपल्या नागरी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनापोटी पगाराच्या 74.28 टक्के इतकं अंशदान 2014 पासून अनेक वर्षं दाखवलं. हा दर आजच्या निवृत्तांची तूट भरून काढण्यासाठी इतका चढा आहे. शिक्षक हे त्याच सरकारचे कर्मचारी, त्यामुळे शिक्षणाचा आकडा फुगतो. ज्या देशात निवृत्तिवेतन सामाजिक सुरक्षेच्या वेगळ्या खात्यातून जातं, तिथे तोच खर्च शिक्षणाच्या रकान्यात दिसतच नाही.

शाळा कोण चालवतं आणि पैसा कोण देतं, हेही वेगळं ठेवायला हवं. नेदरलँड्समध्ये 1917 पासून खासगी संस्थांच्या शाळांना सरकारी शाळांइतकाच सरकारी निधी मिळतो आणि बहुसंख्य मुलं अशाच शाळांत आहेत. तिथला सरकारी शिक्षणखर्च म्हणजे सरकारी शाळांवरचा खर्च असं समजलात, तर मोठी गफलत होईल.

भाजक पण तपासावा. आयर्लंडचा जीडीपी 2015 मध्ये एका वर्षात 25 टक्क्यांहून अधिक वाढला, कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी मालमत्ता तिथल्या वह्यांत हलवली. शाळांत काही बदललं नाही, पण टक्केवारी घसरली. म्हणून तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने 2017 पासून सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा मापदंड काढला. लक्झेंबर्गमध्ये जवळजवळ निम्मे कामगार सीमेपलीकडून येतात; ते जीडीपी वाढवतात, पण त्यांची मुलं तिथल्या शाळांत नसतात. परिणामी जीडीपीच्या टक्केवारीत लक्झेंबर्ग मागे, आणि दर विद्यार्थ्यामागच्या खर्चात ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) देशांत सर्वांत पुढे.

प्रश्न : दोन देशांची तुलना करायचीच असेल तर कुठला एक आकडा घ्यावा?

उत्तर : शालेय वयाच्या एका मुलामागचा सरकारी खर्च, दरडोई जीडीपीच्या टक्केवारीत. काढायला सोपा आहे. शालेय शिक्षणावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या किती टक्के ते घ्या आणि त्याला लोकसंख्येतल्या शालेय वयाच्या मुलांच्या हिश्श्याने भागा. समजा, ‘क’ देश 5 टक्के खर्च करतो आणि मुलं 28 टक्के : उत्तर सुमारे 18 टक्के. ‘ख’ देश 3.4 टक्केच खर्च करतो, पण मुलं 13 टक्के : उत्तर 26 टक्के. पहिल्या नजरेत कंजूष दिसणारा ‘ख’ प्रत्यक्षात एका मुलामागे जास्त झीज सोसतो.

भागताना मुलं कुठली धरता हे महत्त्वाचं. पटावरच्या मुलांनी भागलं तर शाळाबाह्य मुलं हिशेबातून गायब होतात आणि देश उदार भासतो. ‘क’ देशात 80 टक्केच मुलं शाळेत असतील, तर पटाप्रमाणे तोच खर्च 18 वरून 22 टक्क्यांवर जातो. म्हणजे मुलं शाळेबाहेर ठेवून आकडा सुधारला! दोन्ही प्रकारे काढावा आणि फरक पाहावा.

हा आकडा देशाची तळमळ सांगतो, मुलाला मिळालेली साधनं सांगत नाही. साधनांसाठी क्रयशक्ती समानतेचे, म्हणजे देशोदेशीच्या किमतींतला फरक काढून टाकलेले पीपीपीचे डॉलर घ्यावे लागतात. मात्र पीपीपी अख्ख्या अर्थव्यवस्थेच्या टोपलीवर बेतलेला असतो, तर शाळेचा खर्च मुख्यतः पगाराचा. आणि संगणक किंवा प्रयोगशाळेतली उपकरणं आयात होत असतील तर त्यांना बाजारातलाच विनिमय दर लागू पडतो. तिथे पीपीपी खोटा दिलासा देतो.

वर्षही जपून निवडा. 2020 मध्ये बऱ्याच देशांचा जीडीपी आकसला, पगार मात्र चालू राहिले. टक्केवारी वाढलेली दिसते, पैसा वाढलेला नसतो. तीन किंवा पाच वर्षांची सरासरी बरी.

प्रश्न : व्हिएतनामसारखा गरीब देश पिसा चाचणीत (पंधरा वर्षांच्या मुलांची ओईसीडीची आंतरराष्ट्रीय चाचणी) श्रीमंतांच्या पुढे जातो. मग पैशाने शिक्षण सुधारतं हा भ्रमच नाही का?

उत्तर : व्हिएतनामने 2012 मध्ये पहिल्यांदा भाग घेतला आणि विज्ञानात 528 गुण मिळवले; ओईसीडीची सरासरी तेव्हा 501 होती. कामगिरी खरीच. पण त्या चाचणीच्या कक्षेत देशातली पंधरा वर्षांची सुमारे 56 टक्केच मुलं येत होती. उरलेली शाळेबाहेर तरी होती किंवा बरीच मागे पडलेली. पिसाचे गुण वाचताना हा व्याप्तीचा रकाना न चुकता पाहावा.

पैशाचा आणि निकालाचा संबंध सरळ रेषेत नाही. वयाच्या सहापासून पंधरापर्यंतचा दर विद्यार्थ्यामागचा एकत्रित खर्च पिसा 2022 मध्ये मोजला, तेव्हा सुमारे 75,000 डॉलरपर्यंत (पीपीपी) खर्चाबरोबर गुण वाढताना दिसले आणि त्यापुढे संबंध विरळ झाला. या रेषेच्या बऱ्याच खाली असलेल्या देशाने ‘पैशाने काही होत नाही’ म्हणणं ही सोयीची पळवाट आहे. शिवाय देशांची तुलना म्हणजे कार्यकारण नव्हे. अमेरिकेत न्यायालयांच्या आदेशांमुळे काही जिल्ह्यांचा निधी वाढला, काहींचा नाही. त्यावरच्या जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको यांच्या 2016 च्या अभ्यासात शाळेची बाराही वर्षं 10 टक्के जादा खर्च झालेल्या मुलांची प्रौढपणीची मजुरी सुमारे 7 टक्क्यांनी जास्त आढळली आणि गरीब घरांतल्या मुलांना फायदा अधिक झाला.

पैसा वाया जाण्याचंही ठळक उदाहरण आहे. इंडोनेशियाने 2002 च्या घटनादुरुस्तीने अर्थसंकल्पाचा 20 टक्के हिस्सा शिक्षणाला बांधून दिला आणि 2005 च्या कायद्याने प्रमाणित शिक्षकांना मूळ पगाराइतकाच भत्ता दिला. शिक्षक समाधानी झाले, जोडधंदे कमी झाले, पण नंतरच्या यादृच्छिक (म्हणजे चिठ्ठ्या टाकून शाळा निवडलेल्या) चाचणीत त्यांच्या विद्यार्थ्यांच्या शिकण्यात फरक सापडला नाही. कारण उघड आहे : वाढ आधीच नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळाली, शिकवण्यात काय बदलायचं हे त्याला जोडलेलं नव्हतं. चढा पगार चांगले उमेदवार खेचतो, पण त्याला नव्या भरतीची पिढी जावी लागते.

प्रश्न : अर्थसंकल्पात वाढ दिसते, शाळेत खडू नसतो. पैसा जातो कुठे?

उत्तर : आधी तीन रकाने शेजारी ठेवा : अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. बातमी पहिल्याची होते, शाळा तिसऱ्यावर चालते आणि तो साधारण दोन वर्षांनी छापून येतो. मग तिसऱ्या रकान्यातून पगार, निवृत्तिवेतन आणि बांधकाम वजा करा. उरतं ते वेतनेतर अनुदान. त्याला मुलांच्या संख्येने भागा. खडू, वीजबिल, पुस्तकं, दुरुस्ती सगळं त्यात. महसूल घटला की पहिली कात्री इथेच लागते, कारण पगार कापता येत नाही आणि सुरू झालेलं बांधकाम थांबवलं तर बोभाटा होतो. अनुदान मार्चअखेरीस आलं तर कागदावर खर्च पूर्ण होतो आणि वर्षभर शाळा कोरडी राहते, म्हणून हप्त्यांच्या तारखाही मागाव्यात.

वाटेतली गळती मोजण्याची पद्धत युगांडात 1996 मध्ये घडली. केंद्राच्या वह्या आणि शाळांच्या वह्या समोरासमोर ठेवून पाहणी झाली. 1991 ते 1995 या काळात दर विद्यार्थ्यामागच्या अनुदानातले सरासरी 13 टक्केच शाळांपर्यंत पोहोचले होते. बाकीचा पैसा जिल्हा पातळीवर इतर कामांना किंवा खिशांत गेला. पुढे दरमहा पाठवलेल्या रकमा वृत्तपत्रांत छापल्या जाऊ लागल्या, शाळांच्या भिंतींवर लागल्या आणि 2001 पर्यंत पोहोच 80 टक्क्यांच्या वर गेली. श्रेय एकट्या वृत्तपत्रांचं नाही. त्याच काळात निधी वितरणाची पद्धतही बदलत होती.

प्रश्न : घटनेतच ठरावीक वाटा बांधून दिला तर सरकारांना टाळाटाळ करता येणार नाही, नाही का?

उत्तर : काही अंशी. ब्राझीलच्या 1988 च्या घटनेत करमहसुलातला केंद्राचा किमान 18 टक्के आणि राज्यं-नगरपालिकांचा 25 टक्के हिस्सा शिक्षणाला आहे. नुसत्या वाट्याने श्रीमंत नगरपालिका आणखी श्रीमंत झाली असती. खरा फरक पडला तो 1998 पासून, जेव्हा हा पैसा राज्यपातळीवर एकत्र करून पटसंख्येप्रमाणे वाटायला सुरुवात झाली. धोका दुसऱ्या बाजूने येतो. वाटा महसुलाशी बांधला की मंदीत महसूल घसरतो आणि शाळेचा पैसाही घसरतो, मुलांची संख्या मात्र तीच राहते. आणि वाटा भरून काढण्यासाठी भलतेच खर्च ‘शिक्षण’ म्हणून दाखवण्याचा मोह सगळीकडे होतो, म्हणून काय चालेल आणि काय नाही याची यादी कायद्यात हवी.

प्रश्न : पालक शिकवण्यांवर करतात तो खर्च या तुलनेत येतो का?

उत्तर : सहसा नाही. ओईसीडीचा मुख्य आकडा शैक्षणिक संस्थांवरच्या खर्चाचा असतो. दक्षिण कोरियातल्या ‘हागवॉन’ शिकवणीवर्गांची फी त्यात धरली जात नाही. जपानबद्दलही लक्षात ठेवा : सरकारी वाटा टक्केवारीत कमी दिसण्यामागे मुलांची घटती संख्या, मोठे वर्ग आणि विद्यापीठांची बरीचशी फी कुटुंबांच्या माथी, ही तीनही कारणं आहेत. शिकवणीचा आकडा हवा असेल तर कुटुंबखर्चाच्या पाहण्या उघडाव्या लागतात आणि त्या शिक्षणखात्याकडे नसतात, सांख्यिकी विभागाकडे असतात.